बाई, बारा पॉइंट नऊ चांगलं का?

शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की माझ्या टपालात सेकंदांचा पाऊस पडतो. बाकी वर्षभर गुडघे, टाचा आणि 'मुलगी काही खाईना' यांची पत्रं असतात. या वेळी चार घेते. पहिल्याला जास्त जागा देते, कारण त्यात माझीही एक जुनी चूक लपलेली आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण. शाळेच्या सरांनी १०० मीटरला त्याचं टायमिंग १२.९ सांगितलं. दिवाळीत माझा मेहुणा आला होता. त्याने पोलो ग्राउंडवर स्वतःच्या पावलांनी सव्वाशे पावलं मोजली, मुलाला पळवलं आणि मोबाईलवर वेळ घेतली. ११.८ आली. सर मुद्दाम मागे ठेवतात असं आता घरात सगळ्यांचं मत झालं आहे. खरं काय समजायचं? आणि या वयाला चांगलं टायमिंग म्हणजे किती? (एक वडील, वाडी, बडोदा)

उत्तर : सरांचं खरं. मेहुण्यांनी रागावू नये, हिशेबच मांडते.

मध्यम उंचीच्या पुरुषाचं चालतं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडतं. सव्वाशे पावलं म्हणजे झाले साधारण ९४ मीटर. तुमचा मुलगा शेवटाला सेकंदाला आठ मीटरच्या वर पळत असणार, तेव्हा राहून गेलेले सहा मीटर म्हणजे जवळजवळ पाऊण सेकंद. आता मोबाईलकडे या. मेहुणे शेवटाला उभे, आणि तिकडे सुरुवातीला कुणीतरी 'गो' ओरडलं असणार. आवाज सेकंदाला ३४५ मीटर जातो. मेहुण्यांच्या कानापर्यंत यायला त्याला पाव सेकंदाहून थोडं जास्तच लागलं. ऐकल्यावर अंगठा हलायला आणखी थोडं. तोवर शर्यत सुरू झालेली आणि घड्याळ झोपलेलं. शेवटाला नेमकं उलटं होतं. पोरगा समोरून येताना दिसतो, अंगठा आधीपासून टपून बसलेला असतो आणि रेषेच्या जरा अलीकडेच दाबला जातो. ११.८ मध्ये हे पाऊण सेकंद घाला, वर घड्याळाच्या घोटाळ्याचे तीन-चार दशांश घाला. सरांच्या दारात जाऊन पोचता की नाही बघा.

मी मेहुण्यांना हसत नाही, कारण मी याहून वाईट केलं आहे. नोकरीच्या सातव्या वर्षी माझ्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा होता. निम्मी शाळा मला बाई म्हणायची आणि निम्मी बेन. हा गुजराती घरातला, पण मला बाईच म्हणायचा. आमच्या मैदानावर मी त्याचं टायमिंग घेतलं, ११.३. दोन दिवस परत घेतलं, परत ११.३. घरच्यांनी शाळेत पेढे वाटले, वडिलांनी उसने पैसे काढून स्पाइक्स आणले. पुढे मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच विजेच्या घड्याळावर पळाला तेव्हा पाटीवर ११.९२ आलं. मुलगा माझ्याकडे आलाच नाही, सरळ बसमध्ये जाऊन बसला. परतल्यावर मी मैदान पुन्हा मोजायला घेतलं. आमची तीस मीटरची कापडी टेप होती, तिचा पहिला मीटर कधीतरी तुटून गेला होता आणि शिपाई तुटक्या टोकालाच शून्य धरून चुन्याच्या रेघा मारत होता. शंभर मीटरसाठी टेप चार वेळा ठेवावी लागते. चार वेळा ठेवली, चार मीटर गेले. त्यात मी घड्याळ शिटीच्या आवाजावर सुरू करत होते. सहा दशांश सेकंद कुठे गेले ते तिथल्या तिथे सापडलं. तो मुलगा त्यानंतर दोनच महिने मैदानावर आला. टेप आजही माझ्याकडे आहे, फेकवत नाही.

तेव्हा टायमिंग चांगलं की वाईट हे विचारण्याआधी ते घेतलं कसं हे विचारा. स्टील टेपने मोजलेलं अंतर हवं. सुरुवात करणाऱ्याने आवाजाबरोबर हात किंवा रुमाल खाली आणायचा आणि शेवटाच्या माणसाने घड्याळ तो हात बघून दाबायचं, ऐकून नाही. पूर्वी पिस्तुलाच्या धुरावर दाबायचे ते याचसाठी. थांबवताना धड रेषेवर आलं की थांबवायचं. पुढे काढलेलं डोकं, हात, पाय यांना नियमात किंमत नाही. हातातलं घड्याळ १२.८१ दाखवत असेल तर ते १२.९ लिहायचं, १२.८ नाही, हातघड्याळाची वेळ नेहमी पुढच्या दशांशाला नेतात. तीन घड्याळं असली आणि तिन्ही वेगळं बोलली तर मधलं धरतात, दोनच असली तर जास्तीचं. इतकं सगळं नीट करूनही हाताची वेळ विजेच्या घड्याळापेक्षा कमीच भरते, म्हणून १०० आणि २०० मीटरला तुलना करताना तिच्यात ०.२४ मिळवण्याची पद्धत आहे. तुमच्या सरांचं १२.९ हातघड्याळाचं असेल तर मोठ्या स्पर्धेत १३.१ च्या पुढे दिसेल. तेव्हा पुन्हा घरात सभा भरवू नका.

आता आकडे. हे माझ्या वहीतले आहेत, एकतीस वर्षांत शाळेच्या मैदानांवर पाहिलेले, हातघड्याळाचे. पुस्तकातला तक्ता समजू नका. बारा-तेरा वर्षांचा, कुठलाही सराव नसलेला मुलगा १५ ते १६ सेकंदांत येतो. त्याच वर्गातला चपळ मुलगा १४ च्या आत. चौदाव्या वर्षी १३ च्या आत येणारा शाळेत पहिल्या तिघांत असतो, म्हणजे तुमचा मुलगा. सोळाव्या वर्षी १२ ला टेकणारा जिल्ह्याला दिसतो. सतरा-अठराला ११.५ च्या आत आला की राज्याचे लोक नाव विचारतात, आणि देशपातळीवर पदकाची गोष्ट करायची तर ११ च्या आत, तेही विजेच्या घड्याळावर. मुलींचं म्हणाल तर तेरा-चौदाला सराव नसताना १५-१६, चांगल्या मुलीचं साडेतेराच्या आत, सोळा-सतराला १२.५ म्हणजे फार छान, आणि देशपातळीला १२ च्या आसपास. मैदानावर पाठीमागून वारा असेल तर हे सगळं आणखी गोड दिसतं. सेकंदाला दोन मीटरहून जास्त वारा पाठीशी असला तर वेळ विक्रमासाठी धरतच नाहीत.

चौदा वर्षं हे वय मात्र फसवं आहे. माझ्या एकाच रांगेत एकाला मिसरूड फुटलेली आणि शेजारच्याचा आवाज अजून फुटायचा, असे दोघे एकाच वर्षीचे असायचे. पहिला जिंकायचाच. यात त्याची मेहनत थोडी आणि शरीर लवकर तयार झाल्याचा वाटा मोठा. दोन वर्षांनी दुसऱ्याची उंची सुटते आणि क्रम उलटतो. (मिसरूडवाल्यांपैकी काहींच्या दाखल्यावरची तारीख शाळेत नाव घालताना 'सोयीची' लिहिलेली असते, हेही मी बघितलं आहे. वरच्या पातळीवर मग मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात आणि पालक रडकुंडीला येतात.) म्हणून मी पालकांना दर तीन महिन्यांनी दोन आकडे लिहायला सांगते, भिंतीवर उंची आणि वहीत टायमिंग. उंची भराभर वाढतेय तेव्हा टायमिंग थबकतं, कधी मागेही जातं. पाय लांब झालेले असतात आणि अजून त्याला ते सापडलेले नसतात.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखतो, किंवा टाचेच्या मागे दुखतं. हे वाढीच्या हाडाचं दुखणं आहे, पळणं कमी केलं की बहुधा शमतं. पण धावता धावता जांघेत किंवा बसायच्या हाडापाशी 'खट्' झालं आणि पोरगा जागच्या जागी थांबला, तर मालिशवाल्याकडे नेऊ नका. या वयात स्नायू तुटण्याऐवजी तो जिथे चिकटलेला असतो तो हाडाचा तुकडाच सुटून येऊ शकतो. आधी एक्सरे.

मोठ्या आकड्यांशी तुलना करायचीच असेल तर एवढं ठेवा. ओडिशाच्या दुती चंदने २०१२ मध्ये १८ वर्षांखालच्या गटात देशात पहिला नंबर काढला तेव्हा तिची वेळ ११.८ होती. २०२१ मध्ये तिने ११.१७ चा राष्ट्रीय विक्रम केला. नऊ वर्षं, रोजचा सराव, आणि मिळाले सहा दशांश. मेहुण्यांनी ते एका संध्याकाळी अकरा दशांश कमी करून दाखवले.

प्रश्न : मी अकरावीत आहे. तेरा वर्षांची असताना १०० मीटरला १३.३ यायचं आणि मी सगळ्या मुलांनाही हरवायची. आता १३.६ येतं. आई म्हणते वजन वाढलं म्हणून, म्हणून मी रात्रीचं जेवण बंद केलंय. तरी फरक नाही. पळणं सोडू का? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : आज रात्री जेव. बाकीचं नंतर वाच.

अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली जवळजवळ बरोबरीने पळतात. मुलींची उंची आधी सुटते, म्हणून तू तेव्हा मुलांना मागे टाकत होतीस. पुढे मुलांना शरीरच फुकट ताकद वाटायला लागतं आणि मुलीचं शरीर बाईचं होऊ लागतं. कंबर रुंदावते, वजन बसण्याची जागा बदलते. त्या बदललेल्या अंगाने पळायला नव्याने शिकावं लागतं. माझ्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या मुलीची चौदा ते सोळा ही दोन वर्षं अशीच गेली, आणि त्यातल्या निम्म्या तिथेच थांबल्या, बहुतेक आईच्या अशाच एखाद्या वाक्यावर. (आईंनी रागावू नये. मीही माझ्या मुलीला असंच बोलले होते.)

तीन गोष्टी कर. रक्त तपासून हिमोग्लोबिन बघ. तुझ्या वयाच्या मुलीला ते १२ च्या वर हवं. आपल्याकडच्या मुलींत ते दहा-अकरा सापडणं नवलाचं नाही, आणि त्यावर पळणं म्हणजे अर्ध्या टाकीवर स्कूटर डभोईला नेणं. कमी आलं तर गोळ्या डॉक्टरांना विचारून, मैत्रिणीला विचारून नाही. दुसरं, पाळी दोन-तीन महिने चुकत असेल तर लाजू नको, आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींत हे होतं आणि पुढे हाडं कच्ची राहतात. आणि तिसरं, आता तुला ताकद कमवायची आहे. आठवड्यातून दोनदा बैठका, पायऱ्यांवर एका पायाने चढणं, लहान उड्या. तुमच्या मांजलपूरच्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक आहे, तिथे सकाळी कोचिंगच्या मुली असतात, त्यांच्यात मिसळ.

हिमा दासचं नाव तू ऐकलंच असशील. आसामच्या शेतकऱ्याच्या घरची, आधी मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. तेरा वर्षांची असताना ती पळण्यात कुणाला ठाऊकही नव्हती. २०१८ मध्ये, अठरा वर्षांची असताना, फिनलंडमध्ये २० वर्षांखालच्यांच्या जागतिक स्पर्धेत तिने ४०० मीटरचं सुवर्ण ५१.४६ सेकंदांत मिळवलं. तू १०० सोडून २०० आणि ४०० पळून बघितलंस का? ज्या मुलींचं सुरुवातीचं फटकन सुटणं उंचीमुळे मंदावतं, त्या लांब पावलांवर २०० मध्ये भरपाई करतात. एकदा घड्याळ लावून बघ आणि मला कळव.

प्रश्न : पहिले साठ-सत्तर मीटर मी सगळ्यांच्या पुढे असतो. शेवटच्या वीसमध्ये पाय जड होतात आणि दोघे तिघे पुढे जातात. स्टॅमिना वाढवण्यासाठी रोज कमाटीबागेला पाच फेऱ्या मारतो. वय १६. (रावपुरा)

उत्तर : फेऱ्या बंद कर. तुझा त्रास दमाचा नाही.

शंभर मीटरच्या शेवटी सगळेच मंदावतात. उसेन बोल्टने १६ ऑगस्ट २००९ ला बर्लिनमध्ये ९.५८ केले, त्यातले ६० ते ८० हे वीस मीटर त्याने १.६१ सेकंदांत कापले आणि शेवटचे वीस १.६६ मध्ये. म्हणजे तोही मंदावला, फक्त बाकीच्यांपेक्षा कमी. तुला मागे टाकणारे वेग वाढवत नाहीत, तुझा जास्त पडतो. का पडतो ते मी न बघता सांगते: तुला मागून पावलांचे आवाज येतात, तू दात आवळतोस, खांदे कानाला लावतोस आणि पावलं लांब टाकायला जातोस. लांब पाऊल शरीराच्या पुढे पडतं आणि ब्रेक लावतं.

आठवड्यातून दोनदा असं कर. वीस मीटर हळूहळू वेग धर, पुढचे तीस पूर्ण वेगाने, पण तोंड सैल. गालाचं मांस हलताना जाणवलं पाहिजे. मग पूर्ण विसावा, दर दहा मीटरला एक मिनिट या हिशेबाने, म्हणजे चार-पाच मिनिटं. असे चार किंवा पाच, सहावा नाही. पाचवा चौथ्यापेक्षा मंद आला की चप्पल घाल आणि शेव-उसळ खायला जा. आणि नवरात्रात रात्री एकपर्यंत गरबा करून सकाळी सहाला पूर्ण वेगाने पळू नको. दर वर्षी अष्टमीच्या सुमारास नडग्या धरून बसलेली चार पोरं माझ्याकडे असायचीच. गरबा कर, पळणं आठ दिवस थांबव. मी काही गरबा बंद कर म्हणणारी नाही, बडोद्यात राहायचंय मला.

प्रश्न : आमच्या आजोबांकडे १९६१ चं एक पदक आहे. ते सांगतात की त्यांनी अनवाणी ११ सेकंदांत शर्यत जिंकली. माझ्या भावाला १७ व्या वर्षी स्पाइक्स घालूनही ११.९ येतं, त्यावरून त्याला रोज टोमणे बसतात. हे शक्य आहे का? (दांडिया बाजार)

उत्तर : शक्य आहे, आणि आजोबा खोटंही बोलत नाहीत. पदकाची मागची बाजू भिंगाखाली धर. माझ्या मामांकडेही त्याच काळातलं एक होतं, पितळेचं, कडी तुटलेली, आणि त्यावर कोरलेलं होतं '१०० वार'. तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी शर्यती अजून वारांतच व्हायच्या. शंभर वार म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. उरलेल्या साडेआठ मीटरला त्या वेगाने सेकंदाला थोडं कमी लागतं, म्हणजे आजोबा शंभर मीटरला हातघड्याळावर बाराच्या जरा आत येतात. भावाचं ११.९ हातघड्याळाचं असेल तर दोघं खांद्याला खांदा लावून आहेत, आणि विजेच्या घड्याळाचं असेल तर भाऊ दोन पावलं पुढे.

पण अनवाणी आणि गवतावर, हे विसरू नका. सिंथेटिक ट्रॅक पाय परत ढकलतो, गवत त्यातलं थोडं गिळून टाकतं. टोमण्यांचा निकाल लावायचा तर भावाला एका रविवारी सकाळी मैदानावर न्या, चपला काढायला लावा आणि आजोबांना शेवटाला खुर्ची देऊन हातात घड्याळ द्या. त्यांना रुमालाकडे बघायला सांगा, आवाजाकडे कान देऊ नका म्हणावं. अंतर ९१ मीटर ४४ सेंटिमीटर, आणि टेपचा पहिला मीटर जागेवर आहे ना तेवढं बघून घ्या.